ऑकलंडहून क्राइस्टचर्चला बदली: शिकार आणि नेमबाजीसाठी तिकडे काय आहे?

करवीरकर

नमस्कार मंडळी.

नोकरीनिमित्त येत्या जानेवारीत आम्ही ऑकलंड सोडून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्चला राहायला जातोय. मी, बायको आणि दहा वर्षांची मुलगी. शाळा, घरभाडं, तिकडची थंडी यावरचे जुने धागे वाचून काढलेत. माझा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून हा नवीन धागा.

मूळ गाव कोल्हापूर. कॉलेजात असताना दहा मीटर एअर रायफल नेमाने करायचो. आमच्याकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं शाळकरी पोरांनाही पाठ. २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तेव्हापासून परत रेंजवर उभं राहावंसं वाटतंय.

शिकार मात्र इथे आल्यावरच सुरू झाली. रीतसर परवाना काढला, .३०८ मापाची बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळी हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल घेतली आणि ऑफिसातल्या एका किवी सहकाऱ्याबरोबर कायमानावाच्या जंगलात सिका हरणांच्या मागावर जायला लागलो. माग कसा काढायचा, वारा तोंडावर कसा ठेवायचा, हे सगळं त्यानेच शिकवलं. पण ते सगळं गर्द झाडीतलं. चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे कधी बार टाकायची वेळच आली नाही. दक्षिण बेटावर डोंगर उघडे, अंतरं मोठी, असं ऐकतो. शिवाय तिकडे मी कोणालाच ओळखत नाही.

तर विचारायचं असं, की शहरापासून जवळ सरकारी जमीन कुठे आहे आणि तिथे काय मिळतं? रायफल तिकडे न्यायची पद्धत काय? आणि मुलीला नेमबाजी शिकवायची आहे, त्यासाठी क्लब कसे आहेत?

दक्षिणवारा

करवीरकर, या या. मी बरीच वर्षं इथे आहे, जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

जमिनीची काळजी करू नका. ऑकलंडकडून येणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो, पण कँटरबरीत (क्राइस्टचर्चभोवतालच्या प्रांतात) तासा-दोन तासांच्या ड्राइव्हवर संवर्धन खात्याची, म्हणजे डॉकची, प्रचंड जमीन आहे. तिचा बराच भाग शिकारीला खुला आहे. परवाना ऑनलाइन निघतो, फुकट असतो, आणि बहुतेक खुल्या क्षेत्रांत हरणांना बंद हंगाम नाही. बारा महिने जा. तो परवाना मात्र जवळ बाळगावा लागतो, आणि कुठल्या ब्लॉकला कुठली अट आहे हे दर वेळी वाचून निघावं लागतं. काही जागांना सोडत असते, काही ठिकाणी कुत्रा न्यायला बंदी असते.

शहराला सर्वांत जवळ माउंट थॉमस आणि ऑक्सफर्ड फॉरेस्ट. हरणं कमी, रानडुकरं आहेत, पण पाय मोकळे करायला आणि नवीन दुर्बिणीची सवय करायला जागा उत्तम. लाल हरणांसाठी लेक समनर फॉरेस्ट पार्क. हुरुनुई नदीच्या वरच्या अंगाला बीच नावाच्या झाडांचं जंगल आणि मधूनमधून गवताळ पट्टे आहेत. पहाटे आणि संध्याकाळी हरणं त्या गवतावर उतरतात. कायमानावात तुम्ही जे शिकलात ते इथे थेट कामी येईल, म्हणून पहिलं वर्ष मी तरी इथेच काढायला सांगेन. मार्चअखेर ते एप्रिल हा नरांच्या माजाचा काळ. दरीभर डरकाळ्या घुमतात, पण तेव्हा जंगलात शिकारीही फार असतात. नवख्या भागात एकट्याने पहिल्यांदा जायची ती वेळ नव्हे.

आणखी दक्षिणेला गेलात तर वाइमाटेच्या हंटर हिल्समध्ये वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारूसारखं जनावर. १८७४ ला तिथे सोडलेल्या मूठभर जनावरांनी आता शेतकऱ्यांना जेरीला आणलंय. तिथले शेतकरी नीट विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. फोन करा, कोण कुठून आलात ते सांगा, फाटक जसं असेल तसंच ठेवा (उघडं तर उघडं, बंद तर बंद), आणि जाताना भेटून काय मारलं ते सांगा. असं केलं की पुढच्या वेळी तेच बोलावतात.

उंचावर शॅमॉय आणि ताहर, दोन्ही रानबकऱ्यांसारखी डोंगरी जनावरं. रांगिटाटाची वरची खोरी, टेकापोच्या वरचं गॉडली खोरं हा ताहरचा मुलूख. तिथे अंतराचा प्रश्न येतो. अडीचशे-तीनशे मीटर ही तिकडची रोजची गोष्ट आहे. पण अवघड भाग वेगळाच आहे. कड्यावर जनावर पाडलं आणि तिथवर पोचताच आलं नाही, तर ती शिकार नव्हे, नासाडी. दुर्बिणीतून दिसल्यावर आधी वाट शोधायची, मग रायफलीला हात लावायचा. माझ्या ओळखीतले चांगले शिकारी दिवसाचे पाच-सहा तास नुसतं बसून पाहतात.

तुमची .३०८ सगळ्याला पुरेशी आहे, बदलू नका. ते पैसे चांगल्या दुर्बिणीत आणि बुटांत घाला.

आणि सर्वांत मोठा धोका नदीचा. वायव्येचा वारा सुटला की क्राइस्टचर्चला आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि गरम. त्याच वेळी मुख्य पर्वतरांगेवर धो धो कोसळत असतो. सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडलेली नदी संध्याकाळी छातीला लागते. शहरातलं हवामान बघून डोंगराचा बेत करू नका. खोऱ्यात अडकलात तर पाणी उतरेपर्यंत बसून राहायचं, म्हणून एका दिवसाचं जेवण जास्तीचं न्यायचं. लोकेटर बीकन (संकटात मदतीचा संकेत पाठवणारं यंत्र) पाठपिशवीत नाही, अंगावर.

जुना गडी

दक्षिणवाराने जमिनीचं सगळं लिहिलंच आहे. मी कायद्याचं लिहितो, कारण घर बदलताना लोक नेमकं तेच शेवटावर ठेवतात.

पत्ता बदलला की ३० दिवसांच्या आत शस्त्र प्राधिकरणाला कळवायचं. जून २०२३ पासून शस्त्रनोंदणी सुरू झाली आहे. तुमची नोंद अजून व्हायची असेल तर पत्ता कळवताना ती करावी लागेल. रायफलीचा क्रमांक, बोअर, सगळं हाताशी ठेवा. शस्त्र कायदा मूळ १९८३ चा आहे आणि तो नव्याने लिहिण्याचं काम सरकारने हाती घेतलंय. त्यामुळे निघायच्या आठवड्यात प्राधिकरणाचं संकेतस्थळ एकदा वाचाच.

नवीन घरात कुलूपबंद जागा आधी, रायफल नंतर. भाड्याचं घर घेणार असाल तर करार करतानाच विषय काढा. तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करायची म्हणजे घरमालकाची लेखी संमती हवी. करार झाल्यावर विचारलं तर दोघांचीही अडचण होते. काडतुसं वेगळ्या कुलपात.

सामान हलवणाऱ्यांच्या ट्रकमध्ये रायफल टाकू नका, स्वतः न्या. विमानाने असेल तर कंपनीला आधी कळवायचं, रायफलीचा बोल्ट काढून ती कुलूपबंद पेटीत ठेवायची, काडतुसं वेगळी द्यायची. गाडीने येणार असाल तर दोन बेटांमधल्या फेरीबोटीवर चढताना सांगावं लागतं. वाटेत कुठे मुक्काम केलात तर रात्री गाडीत ठेवायची नाही.

आणखी एक, आणि हे मी मनापासून सांगतोय. १५ मार्च २०१९ ला याच शहरात दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. त्यानंतर महिनाभरात बहुतेक सगळ्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली. इथल्या बऱ्याच जणांच्या ओळखीतलं कोणी ना कोणी त्यात गेलंय किंवा जखमी झालंय. आपल्या मुलांच्या वर्गात त्या घरांतली मुलं असू शकतात. तेव्हा ऑफिसात, शेजारीपाजारी पहिल्याच ओळखीत रायफलीचा विषय काढू नका, फोटो टाकू नका. पेटी गाडीत ठेवताना गॅरेजच्या आत ठेवा. इथले जुने शिकारी हे आपसूक पाळतात, नवीन माणसाला ते कोणी तोंडाने सांगत नाही.

पानगळ

धागा वाचतेय. वैयक्तिक घेऊ नका, पण मनात आलं ते लिहिते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, पिकांच्या नुकसानीसाठी मिळणारी ठरावीक परवानगी सोडली तर. त्यामुळे आपले वाघ, सांबर, काळवीट थोडेफार तरी उरले. ज्या ताहरला हिमालयात जपायचा प्रयत्न चाललाय त्यालाच तिकडे जाऊन मारायचं, आणि त्यात आनंद मानायचा, हे मला काही केल्या पचत नाही. खायला मांस दुकानात मिळत असताना हे कशासाठी?

रानपाखरू

पानगळताई, प्रश्न रास्त आहे. मी इथे वनस्पतींवर काम करते, शिकार करत नाही, तरी उत्तर द्यावंसं वाटतं.

न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. हरीण, डुक्कर, बकरी, ससा, सगळे माणसाने आणलेले. लाल हरणं १८५१ पासून सोडली गेली. फिओर्डलंडमधली वापिटी ही मोठी हरणं १९०५ ला अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडून भेट आली. ताहर १९०४ ला इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बेडफर्डच्या कळपातून आले आणि माउंट कुकपाशी सोडले गेले. आपलं सांबरसुद्धा १८७५ ला श्रीलंकेहून मानावाटूत उतरलं, आजही तिथे आहे. कँटरबरी-ओटागोच्या कोरड्या डोंगरात चकोर पक्षी भेटतात, त्यांचे पूर्वज आपल्या उपखंडातले. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर इंग्रज वसाहतवाल्यांना शिकारीला जनावरं हवी होती.

इथल्या झाडांना चरणाऱ्या जनावरांची सवयच नाही. हिमालयातलं गवत ताहरबरोबर वाढलं, तिथे बिबट्या आहे, हिमबिबट्या आहे. इथे ताहरला खाणारं कोणी नाही. मी ज्या उतारांवर काम करते तिथे कळप जास्त झाला की टसॉक गवताचे झुबके बुडापर्यंत खाल्लेले दिसतात, मधली माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात घसरते. माउंट कुक बटरकप नावाचं मोठ्या पानांचं पांढरं फूल आहे, जगात फक्त इथेच. ते कपारीत, जनावराचं तोंड पोचत नाही तिथे तेवढं उरतं.

१९३० च्या सुमारास सरकारने पगारी शिकारी नेमून हरणं मारायला सुरुवात केली. ट्रेकिंगला गेल्यावर आपण ज्या झोपड्यांत राहतो त्यातल्या कितीतरी त्या शिकाऱ्यांसाठीच बांधलेल्या. १९९३ च्या ताहर नियंत्रण आराखड्यात दहा हजारांची मर्यादा घातली आहे आणि संख्या वाढली की डॉक हेलिकॉप्टरमधून मारतं. ते मांस बहुतेक वेळा डोंगरातच पडून राहतं. त्यापेक्षा एखाद्या माणसाने चालत जाऊन, बघून, एक मादी मारून तिचं मांस घरी नेलं तर मला ते बरं वाटतं. मादी मुद्दाम म्हणतेय. नुसते मोठ्या शिंगांचे नर मारून संख्या कमी होत नाही.

करवीरकर, जाल तेव्हा तांब्याच्या गोळ्या वापरायचा विचार करा. शिशाचे कण आतड्यांत राहतात आणि ती आतडी पक्षी खातात. कीआ पोपटांना शिशाची बाधा होते हे इथे नीट नोंदलं गेलंय.

पानगळ

रानपाखरू, इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. मूळ प्राण्यांची गोष्ट मला माहीत नव्हती. मारण्यातला आनंद मला तरीही समजत नाही, समजेल असंही वाटत नाही. पण फूल की ताहर असा प्रश्न असेल तर फुलाचीही बाजू आहे, एवढं मान्य.

आगरी तडका

मांसाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण माझ्या मते शिकारीचं अर्धं काम तिथे सुरू होतं.

जनावर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पोट साफ झालं पाहिजे. मूत्राशय आणि आतडी न फोडता बाहेर, मग छाती उघडून वारा लागू द्यायचा. लाल हरणाच्या मांड्या जाड असतात, हाडापाशी उष्णता धरून राहतात. मार्चमध्येसुद्धा दुपारी तिथलं मांस आंबतं. म्हणून मी मांड्या तिथेच सोडवून घेतो आणि कापडी पिशवीत सावलीला टांगतो. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत घाम धरतो. पिशवीचं तोंड घट्ट बांधा, निळी माशी सेकंदात अंडी घालते.

घरी आल्यावर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस उघडं मुरू द्या. पाठीच्या पट्ट्या रश्श्यात घालू नका, वाया जातील. मीठ-मिरी लावून कडकडीत तव्यावर, आत गुलाबी ठेवून. खांदा, मान, नळ्या यांचा रस्सा. हरणाला चरबी नसते, म्हणून आपला नेहमीचा मसाला कोरडा लागतो. भाजलेलं खोबरं दुपटीने घ्या आणि कांदा तेलात सढळ हाताने परता. कुकरला बकऱ्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त. ताहरची तरुण मादी आपल्या बोकडाच्या अगदी जवळ जाते, तिचा पांढरा रस्साही होतो. माजावरचा म्हातारा नर मात्र घरात शिजवू नका, वास पडद्यांतून जात नाही.

मांस विकता येत नाही, तो गुन्हा आहे. वाटता येतं. आमच्या गावाकडे पारध झाली की घरटी वाटे घालायचे, हाकेकऱ्याला वेगळा वाटा. इथे मी तेच करतो. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवरून गेलो त्याचा वाटा पहिला.

आणि निघायच्या आधी डॉकचा विषप्रयोगाचा नकाशा बघा. पॉसम आणि उंदरांसाठी १०८० नावाचं विष टाकलेल्या भागातलं मांस घ्यायचं नाही. वाटेच्या तोंडाशी फलक असतो, पण घरून बघून निघालेलं बरं.

नवीन पाहुणा

मी टिमारूला आहे, वर्क व्हिसावर. माझ्याकडे परवाना नाही, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. सुरुवात कुठून करायची? परवान्याआधी काही करता येतं का?

दक्षिणवारा

येतं. परवानाधारक माणूस शेजारी असेल आणि पूर्ण लक्ष ठेवून असेल तर त्याच्या देखरेखीखाली तुम्ही बंदूक चालवू शकता. पण त्याआधी दोन-तीनदा नुसतंच बरोबर जा. चढ, थंडी, रक्त, हे झेपतंय का ते कळेल.

परवान्यासाठी वय १६ पूर्ण हवं. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष सुरक्षा प्रशिक्षण, मग तुमच्याबद्दल सांगू शकतील अशी दोन माणसं, एक घरचं आणि एक बाहेरचं. त्यांच्याशी आणि तुमच्याशी बोलतात, ठेवायची जागा तपासतात. पहिला परवाना पाच वर्षांचा मिळतो. सुरक्षेचे सात नियम पाठ करा. त्यातला चौथा, लक्ष्य काय आहे याची शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय बार टाकायचा नाही, हा सगळ्यांत महत्त्वाचा. इथे झाडीत माणसाला हरीण समजून गोळी घातल्याच्या घटना झालेल्या आहेत, आणि कित्येकदा मारणारा आणि मरणारा एकाच गटातले असतात. आवाज, रंग, हलणारी फांदी, यातलं काहीच पुरेसं नाही. डोकं, मान, खांदा स्पष्ट दिसला पाहिजे.

तुम्ही आणि करवीरकर दोघंही डीअरस्टॉकर्स असोसिएशनच्या आपापल्या शाखेत जा. संस्था १९३७ ची आहे. त्यांचा हंट्स नावाचा अभ्यासक्रम आहे. वर्गात नकाशा, कायदा, जनावरांच्या सवयी, आणि मग डोंगरात मुक्काम. परवाना आहे म्हणून तो टाळू नका. अनोळखी प्रदेशात आपल्याला वाट दाखवणारी माणसं हवी असतात, आणि ती तिथेच भेटतात. जागा कोणी पहिल्या भेटीत सांगत नाही, त्याचा राग मानू नका. क्लबच्या कामाला हात लावा, रेंजची साफसफाई असेल तेव्हा या, मग आपोआप कोणीतरी म्हणतं, शनिवारी मी जातोय, येतोस का?

करवीरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना गडी, घराच्या कराराचं तुम्ही सांगितलंत ते फार वेळेवर आलं. पुढच्याच आठवड्यात एका एजंटशी बोलायचं आहे, तेव्हाच विषय काढतो. शहरातल्या वागणुकीचं जे लिहिलंत ते बायकोलाही वाचून दाखवलं.

पहिलं वर्ष लेक समनर, क्लब आणि हंट्सचा अभ्यासक्रम, असं नक्की केलंय. ताहर नंतर. पानगळताई, तुमचा प्रतिसाद आवडला, तुम्ही विचारलंत म्हणून रानपाखरूंचं उत्तर वाचायला मिळालं.

मुलीचं तेवढं राहिलं.

रानपाखरू

माझा भाचा जातो म्हणून सांगते. इथे स्मॉलबोअर क्लबांची जुनी परंपरा आहे. हिवाळ्यात संध्याकाळी बंदिस्त हॉलमध्ये, पालथं झोपून, .२२ रायफलीने कागदी लक्ष्यावर. कुसाळेने पदक घेतलं तेही .२२ वरच, त्यामुळे वाट तीच आहे. क्लबकडे रायफली, जाड जाकिटं, पट्टे असतात, सुरुवातीला काही विकत घ्यावं लागत नाही. मुलांना कितव्या वर्षापासून घेतात ते प्रत्येक क्लब आपापलं ठरवतो, तेव्हा फोन करून विचारा. वयापेक्षा ते मूल सूचना ऐकतं का, स्थिर राहतं का, हे जास्त बघतात. तुम्ही स्वतः तिच्या शेजारच्या गादीवर झोपलात तर तुमचाही सराव होईल. हंगाम हिवाळ्यात असतो, मार्चपासून चौकशी करा.

घरी सरावासाठी साधी एअर रायफल घ्यायची असेल तर १८ वर्षांवरच्या माणसाला परवाना लागत नाही, पण आधीच हवा भरून ठेवायच्या ताकदवान प्रकाराला लागतो. दुकानात विचारून घ्या.

जुना गडी

त्यात एक भर. साधी एअर रायफल असली तरी घरात लहान मूल आहे तेव्हा तीही तिजोरीतच ठेवा, आणि किल्ली कुठे असते ते मुलीला कळू देऊ नका. जानेवारीत आलात की इथेच कळवा, क्लबची पहिली सभा केव्हा आहे ते बघून सांगतो.